पिकाची फेरपालट करता, मग टायरची का नाही?



एकाच रानात ऊस, खोडवा, पुन्हा खोडवा असे किती वर्षे घ्यायचे, यावर आपण शेतकरी मेळाव्यात तास-तास बोलतो. मध्ये हरभरा घ्या, ताग गाडा, जमिनीला विसावा द्या, हे आता कुणाला शिकवावे लागत नाही. पण त्या रानातला ऊस ज्या चाकांवरून गव्हाणीपर्यंत येतो, त्या चाकांचीही फेरपालट करायची असते, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. पंक्चर झाले की बघू, गोटा झाला की नवा टाकू, हीच आपली रीत. माझ्या मते ही रीत महाग पडते आणि जिवावरही बेतू शकते.

ऊस विकास खात्याने टायरवर कशाला लिहायचे, असे कुणी म्हणेल. तर एफ.आर.पी.मधून तोडणी-वाहतूक वजा जाऊन उरेल तीच रक्कम आपल्या हाती पडते. वाहतूकदाराचा टायरखर्च वाढला की तो दर वाढवून मागणार, आणि तो भार शेवटी टनामागे आपल्याच बिलात येणार. शिवाय टायर फुटून ट्रॉली वाटेत रात्रभर उभी राहिली, तर तोडलेला ऊस वाळतो, वजनात घट येते, उतारा पडतो. तेव्हा टायर वाहनमालकाचा असला, तरी नुकसानीत आपण सगळेच भागीदार आहोत.

मुळात चारही चाके सारखी झिजत नाहीत. पुढची चाके वळणावर रस्ता घासत वळतात, त्यामुळे त्यांच्या कडा खातात. मागच्या चाकांवर ओझे असते आणि इंजिनचा जोरही तीच घेतात. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो. आपली बैलगाडी कायम डाव्या अंगाने चालते, त्यामुळे भार डावीकडे कलतो आणि डावे चाक फुटक्या कडेवरून, खडीवरून जाते. बैलाची बाजू ठरलेली असते, ती सहसा बदलता येत नाही. चाकाची बदलता येते!

हंगाम संपला की आपल्यापैकी अनेकांच्या पिकअप आणि टेम्पो टोमॅटो, कोबी, कांदा भरून कसारा घाटाने वाशीच्या मार्केटला जातात. हा घाट किती अवघड, ते रेल्वेला विचारा. १८६५ साली थळ घाटातून लोहमार्ग सुरू झाला. कसारा ते इगतपुरी हा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे आणि तो चढायला गाडीला कसाऱ्यात मागून बँकर इंजिने लावावी लागतात. आपली पिकअप भरलेली उतरते आणि बहुधा रिकामी चढते. उतारावर ब्रेक दाबला की मालाचा भार पुढे येतो, म्हणजे खरी घासाघीस पुढच्या टायरची. ब्रेकची उष्णता रिममधून टायरपर्यंत पोचते ती वेगळीच. पावसाळ्यात शहापूर-इगतपुरीच्या अंगाला पाऊस कोसळतो आणि धुके चार हातांवरचे दिसू देत नाही. तेव्हा टायरची नक्षीच चाकाखालचे पाणी बाहेर फेकते. नक्षी गेली की चाक रस्त्यावर न टेकता पाण्यावर तरंगते, मग ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही नावालाच. इगतपुरीला घाटनदेवीपुढे जरूर नारळ फोडा, पण गोटा टायरवर घाट उतरून देवीची परीक्षा बघू नका.

आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आहे. त्यामुळे घाट टळला, पण टायरची काळजी टळली नाही. तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने धावताना झिजका किंवा कमी हवेचा टायर भराभर तापतो. म्हणूनच त्या मार्गावर परिवहन विभागाला टायर तपासण्याची मोहीम घ्यावी लागली.

आता फेरपालट कशी करायची ते पाहू. पिकअपचे मागचे दोन टायर सरळ पुढे घ्या. पुढचे दोन बाजू बदलून मागे टाका, म्हणजे पुढचा डावा मागे उजवीकडे आणि पुढचा उजवा मागे डावीकडे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर बाजू बदलू नका, त्याच बाजूला पुढचा मागे, मागचा पुढे करा. साधारण आठ ते दहा हजार किलोमीटरला हे करावे. भरलेली गाडी सतत घाटात चालत असेल, तर पाच-सहा हजारांनाच. चार चाकांच्या ट्रॉलीचे टायर एकाच मापाचे असल्याने तिथेही हीच रीत चालते. बैलगाडीची दोन चाके आपसात बदलली की झाले.

ट्रॅक्टरचे तसे नाही. पुढचे टायर लहान, मागचे मोठे, त्यामुळे पुढचे मागे होणे नाही. पुढचे दोन डावे-उजवे बदलता येतात. मागच्यांचीही अदलाबदल होते, कारण नांगरटीत एक चाक तासातून आणि दुसरे वरून चालते. मात्र चाक नुसते उचलून पलीकडे लावले, तर गुट्ट्यांची दिशा उलटी होते. टायर रिमवरून उतरवून फिरवून बसवावा लागतो. ट्रकच्या मागच्या जोडचाकात एक नवा आणि एक झिजलेला टायर घालू नका. मोठा टायर सगळे ओझे घेतो आणि लवकर फुटतो. रिमोल्ड केलेला टायर ट्रकला पुढे तर मुळीच लावू नये.

चाके बदलल्यावर पुढची-मागची हवा जागेप्रमाणे पुन्हा ठरवा. नट समोरासमोरचे आवळत जा आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर परत एकदा आवळा. आणखी एक गोष्ट. फेरपालट म्हणजे रोगावर पांघरूण नव्हे. एकच कड खाल्लेली दिसली, तर अलाईनमेंट किंवा आस तपासा. नाहीतर एक टायर खाऊन झाला, आता दुसरा खा, असे होईल. बेसुमार ओझ्यावरही हा उपाय नाही. आणि नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, की फेरपालट पुरे, टायर बदला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही चारचाकीला आणि मोठ्या गाड्यांना हीच मर्यादा आहे.

"हंगामात वेळ कुठे आहे?" असे वाहतूकदार म्हणतील. त्यांचेही खरे आहे, खेप चुकली की भाडे चुकते. शिवाय ट्रॉलीला मीटर नसतो, मग किलोमीटर मोजायचे कसे? यावर माझी सूचना अशी आहे. कारखाना हंगामात क्लिनिंगसाठी थांबतो, तेव्हा गाड्याही उभ्याच असतात. त्या दिवशी अड्ड्यावर कारखान्याने दोन-चार जॅक, पान्हे, हवेचे मशीन आणि एक जाणकार माणूस ठेवावा. ज्याची चाके बदलली, त्याच्या कार्डावर तारीख टाकावी. हंगामापूर्वी करार करताना जसे कागद बघतो, तसे टायरही बघावेत आणि गोटा टायरच्या गाडीला करार देऊ नये. कारखान्याच्या मालकीच्या टायरगाड्यांपासूनच याची सुरुवात व्हावी. आधी आपण करावे, मग दुसऱ्याला सांगावे.

खर्च म्हणाल तर एका दिवसाची मेहनत आणि थोडी मजुरी. त्या बदल्यात चारही टायर बरोबरीने झिजतील आणि पूर्ण आयुष्य देतील. ट्रॉलीच्या मागून सायकलवर शाळेला जाणारी पोरे आपलीच आहेत, ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला पोरगाही आपल्याच गावचा आहे. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी मांडावा, अशी विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी