उधाण, भांग आणि शुक्रवारची यादी

गेल्या पावसाळ्यात डोंगरीला जाण्याचा योग आला. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनची बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे मागे पडत जातात आणि शहराचा गलबला हळूहळू ओसरतो. एका दैनिकात माझ्याबरोबर वीस वर्षे काढलेला मित्र निवृत्तीनंतर तेथे राहावयास गेला आहे. त्याची नात सातवीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकते. चहा होईपर्यंत माझी नजर शीतकपाटाच्या दारावर चिकटवलेल्या एका कागदाकडे गेली. वर ‘या आठवड्याचे शब्द’ असे इंग्रजीत छापलेले, खाली दहा शब्द आणि प्रत्येकासमोर एका ओळीची व्याख्या. शाळेतून दर सोमवारी अशी यादी येते, मुलांनी ती पाठ करावयाची आणि शुक्रवारी दहा गुणांची चाचणी द्यावयाची. त्या आठवड्यात भूगोलाची पाळी होती. स्प्रिंग टाइड, नीप टाइड, ग्रॅव्हिटेशनल पुल असे शब्द होते.

मुलगी हुशार आहे. तिने दहाही व्याख्या एका श्वासात म्हणून दाखविल्या. मी विचारले, “बाळ, मग आज कोणती भरती आहे?” ती गोंधळली. असा प्रश्न यादीत नव्हता. थोड्या वेळाने तिनेच मला विचारले, “आजोबा, स्प्रिंग म्हणजे वसंत ऋतू ना? मग ही टाइड पावसाळ्यात कशी येते?” तिने हे शाळेतही विचारले होते. आहे तसे लक्षात ठेव, असे उत्तर मिळाले होते.

वास्तविक त्या शब्दातील स्प्रिंगचा वसंताशी काही संबंध नाही. उसळणे, उफाळणे या जुन्या अर्थाने तो तेथे आला आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्या मुलालाही हे सांगावे लागते. नीप या शब्दाचा अर्थ तर त्यालाही लागत नाही. आणि आपल्याकडे? मराठीत स्प्रिंग टाइडला उधाणाची भरती म्हणतात, नीप टाइडला भांगाची. बालभारतीच्या भूगोलाच्या मराठी पुस्तकात हेच शब्द आहेत. ते कोणा समितीने बसून घडविलेले नाहीत, कोळ्यांच्या तोंडून पुस्तकात गेले आहेत. उधाण हा शब्द आनंदाला, वाऱ्याला, तारुण्यालाही आपण लावतो. तो कळण्यासाठी व्याख्येची गरज नसते.

मित्राच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे. त्या घरातील वृद्ध गृहस्थांनी उभे आयुष्य होडीवर काढले. घरात बोली मराठीच. सायंकाळी ते ओट्यावर बसले होते. मी तोच प्रश्न त्यांना केला. त्यांनी वर पाहिले नाही की पंचांग मागविले नाही. आज वद्य अष्टमी, म्हणजे भांग, पाण्याला ओढ नाही. आणि पूर्ण भरती सहाच्या सुमारास, असे त्यांनी सांगितले. वेळ कशी काढली म्हणून विचारता, तिथीची पाऊणपट करायची, आठाची पाऊणपट सहा, असा हिशेब त्यांनी मांडला. कोकणच्या किनाऱ्यावर हा ठोकताळा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. आम्ही सहाला किनाऱ्यावर गेलो. पाणी चढायचे तेवढे चढून थांबले होते.

आता या हिशेबात काय काय सामावले आहे ते पाहा. भरती दररोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, असे भूगोलाचे पुस्तक सांगते. पाऊणपटीचा ठोकताळा ती ४५ मिनिटे धरतो. दोहोंत पाचच मिनिटांचा फरक. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात व दोघांची ओढ एकवटते, म्हणून उधाण. अष्टमीला ते काटकोनात असतात, म्हणून भांग. डोलीचे जाळे समुद्राच्या ओढीवर भरते, म्हणून उधाण-भांगाच्या गणितावर त्या घरांची चूल अवलंबून होती. खगोल, अपूर्णांक आणि अर्थशास्त्र एका वाक्यात बोलणारा शिक्षक भिंतीपलीकडे बसला आहे आणि मुलगी शीतकपाटासमोर उभी राहून ‘नीप टाइड’ घोकते आहे. (जाता जाता एक नोंदतो. समुद्राचे वेळापत्रक तिथीवर चालते आणि कोळ्याला ते पाळावेच लागते, मग त्याच्या गळ्यात क्रूस असो की तुळशीची माळ.)

ही यादीची पद्धत कोठून आली याचा मी थोडा शोध घेतला. शालेय विषयांना लागणारे शब्द पद्धतशीर शिकवावेत हा विचार इंग्रजी जगात गेल्या पंचवीस वर्षांत बळावला. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. २००२ मध्ये अमेरिकेत आयझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मांडले. पहिला रोजच्या बोलण्यातला, दुसरा सर्व विषयांत लागणाऱ्या प्रौढ शब्दांचा, तिसरा एकेका शास्त्रापुरता. त्यांचा सर्वांत मोठा आग्रह कशाचा होता? कोशातील व्याख्या पाठ करून शब्द येत नाही. मुलाच्या अनुभवातील गोष्टीने तो समजावून द्यावा आणि पुढे अनेक दिवस निरनिराळ्या प्रसंगी त्याच्याकडून वापरून घ्यावा. आमच्या शाळांनी तेथून यादी उचलली, शुक्रवारची परीक्षा उचलली आणि मूळ आग्रह तेवढा तेथेच ठेवला. अनुकरण करावयाचे तर निदान पुरते तरी करावे.

मधला थर तर आपण मराठीतही दुर्लक्षिला आहे. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे त्याने विषयवार परिभाषा कोश काढले. ते काम मोठे आहे. पण निष्कर्ष, निकष, गृहीतक, अनुमान, विश्लेषण, संदर्भ हे शब्द कोणत्याच एका विषयाचे नसतात आणि म्हणून ते शिकविणे ही कोणाचीच जबाबदारी ठरत नाही. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाखाली मूल नुसते वर्णन लिहून येते, कारण कारण आणि वर्णन यांतील भेद त्याला कधी कोणी सांगितलेलाच नसतो.

आता थोडे स्वतःकडे वळू. स्वभाषेचा विषय निघाला की आपल्या मंडळींना दोन दाखले हटकून आठवतात, शिवछत्रपतींच्या राज्यव्यवहारकोशाचा आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीचा. दोन्ही दाखले खरे आहेत, अभिमानाचे आहेत. पण आपण ते अर्धेच सांगतो. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती, पेशव्याचा पंतप्रधान. हे शब्द रोजच्या कारभारात आले म्हणून टिकले. मात्र शेवटचा टिकला नाही! डोंगरीपासून जवळच चौक येथे धारावीचा किल्ला आहे. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजांनी तो घेतला. त्या चिमाजीअप्पांचे थोरले बंधू इतिहासात बाजीराव पेशवे म्हणूनच ओळखले जातात. कोश झाला, राजाज्ञा झाली, तरी लोकांच्या ओठांवरचा फारसी शब्द हलला नाही. सावरकरांनी सुचविलेल्या शब्दांपैकी दिनांक आणि क्रमांक आज प्रत्येक अर्जावर आहेत, महापौर प्रत्येक महानगरात आहे. कारण छापखान्याने, कचेरीने आणि वृत्तपत्राने ते रोज वापरले. जे वापरले गेले नाहीत ते सावरकरांचे असूनही पुस्तकात राहिले. शासनाने पदनाम कोश काढला तेव्हा त्याची वृत्तपत्रांतून यथेच्छ टवाळी झाली होती. त्यानंतर आलेल्या पिढीला संचालक, अधीक्षक, अभियंता यांत हसण्यासारखे काय होते तेच कळत नाही.

याचा ताजा अनुभव घ्यावयाचा असेल तर शाखेच्या घोषपथकात जावे. आनक, पणव, वंशी, शंख, झल्लरी ही नावे आठव्या-नवव्या वर्षीच्या मुलाने घरी कधी ऐकलेली नसतात. त्यांची यादी कोणी देत नाही, परीक्षा कोणी घेत नाही. पंधरा दिवसांत ती तोंडात बसतात, कारण आनक गळ्यात अडकवावा लागतो आणि तो वाजवावा लागतो.

हे सारे आपल्याला ठाऊक असूनही आपल्या घरांत काय चालले आहे? मराठी माध्यम ठेवले तरी सेमी-इंग्रजीच्या नावाखाली गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. अंश-छेद गेले, न्यूमरेटर-डिनॉमिनेटर आले. जीवा हा शब्द घ्या. धनुष्याची दोरी ती जीवा. वर्तुळाच्या कंसाची दोन टोके जोडणारी रेषाही दोरीसारखीच दिसते. आपल्या गणितींनी दिलेला ज्या अथवा जीवा हा शब्द अरबीत जाऊन जिबा झाला, तो जैब असा वाचला गेला, जैब म्हणजे वस्त्राची घडी म्हणून बाराव्या शतकात त्याचे लॅटिनमध्ये सायनस असे भाषांतर झाले आणि त्याचाच पुढे साइन झाला. आपला अर्थपूर्ण शब्द सोडून आपली मुले त्याच शब्दाची चुकून झालेली तिसरी आवृत्ती घोकतात. इंग्रजी येऊ नये असे माझे म्हणणे नाही. ती उत्तम यावी. परंतु ज्ञानाची पहिली ओळख ज्या भाषेत मूल स्वप्ने पाहते त्या भाषेत व्हावी, ही अपेक्षा काही आपलीच नाही. युनेस्कोने १९५३ साली हेच म्हटले आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, मातृभाषेचे माध्यम असावे असे सांगितले. त्या धोरणाचे स्वागत करणारी व्याख्याने आपण ऐकली, टाळ्या वाजविल्या. व्याख्यानानंतर वाहनतळावर कोणाची मुले कोणत्या शाळेत आहेत ही चौकशी झाली असती तर अनेकांची पंचाईत झाली असती. माझीही झाली असती. माझा मुलगा आठवीपासून इंग्रजी माध्यमात गेला.

दुसऱ्या बाजूचाही दोष सांगितला पाहिजे. शब्द संस्कृतमधून घडविला म्हणजे तो आपोआप सुबोध होत नाही. आम्लारी आणि क्षार यांचेच पाहा. मराठी पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून क्षार व पाणी बनते. हिंदी पुस्तकात त्याच पदार्थाला लवण म्हणतात आणि क्षार हा शब्द अल्कलीला लावतात. मीरा-भाईंदरसारख्या बहुभाषिक शहरात एकाच इमारतीतील दोन मुले एकच संस्कृत शब्द परस्परविरुद्ध अर्थाने शिकतात. एकेकाळी मिठागरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात मीठ हा साधा शब्द सर्वांना कळत होता. परिभाषा हवीच, पण तिची वाट घरातल्या शब्दावरून जावी. बाष्पीभवन शिकविण्यापूर्वी मिठागरात पाणी कसे आटते ते विचारावे. आटणे हा शब्द मुलाजवळ आहे.

म्हणून माझे मित्राला सांगणे एवढेच होते की यादी फाडू नकोस. शाळेचे दहा शब्द राहू देत. प्रत्येकासमोर घरातला, गावातला शब्द लिही, तो मुलीला शोधून आणू दे, शेजारी जाऊन विचारू दे. रोज जेवताना त्यातला एक शब्द सहज बोलण्यात यावा. अर्ध्या तासाचे काम आहे आणि त्यासाठी कोणत्याही समितीची वाट पाहावी लागत नाही. ज्यांच्या घरी सातवी-आठवीतली मुले आहेत अशा वाचकांनीही एक आठवडा करून पाहावे.

मुलीने त्याच रात्री वही काढली. स्प्रिंग टाइडसमोर उधाण, नीप टाइडसमोर भांग आणि खाली पाऊणपटीचा हिशेब. पुढल्या आठवड्यात मित्राचा दूरध्वनी आला. शुक्रवारी तिला दहापैकी दहा गुण मिळाले होते. उत्तरपत्रिकेत तिने स्प्रिंग टाइडपुढे कंसात, देवनागरीत, उधाण असे लिहिले होते. त्या शब्दाखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलेले होते.

शिक्षिका मराठीच आहेत, असे मित्र म्हणाला. पुढच्या पालकसभेला तो शेजारच्या आजोबांना बरोबर घेऊन जाणार आहे.