लिंक पोचली, पण हरकत पोचली का?

वरळीच्या बीडीडी चाळींत निवेदनावर सह्या घ्यायच्या म्हणजे दारोदार फिरणे आले. मजल्याच्या मधोमध सामाईक मार्गिका, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि हातात कागद घेतलेला ओळखीचा कार्यकर्ता. निवेदन कोणाला जाणार, त्यात काय लिहिले आहे, हे त्यालाच विचारता येई. १४ ऑगस्ट २०२५ रोजी येथील पुनर्विकासातील पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या रहिवाशांना देण्यात आल्या. समोरासमोरच्या दारांची जागा चाळीस मजली इमारतींनी घेतली की निवेदनाची जागा मोबाइलवरच्या लिंकने घ्यावी, हे साहजिकच आहे. प्रश्न आहे तो त्या कार्यकर्त्याची जागा कोण घेणार, हा.

ऑनलाइन मोहिमेची ताकद देशाने २०१५ मध्ये पाहिली. इंटरनेट समानतेच्या मुद्द्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मार्चअखेरीस चर्चापत्र काढले. मते पाठविण्याची मुदत २४ एप्रिल होती. स्वयंसेवकांनी चर्चापत्रातील प्रश्नांची उत्तरे तयार करून ती ईमेलने पाठविण्याची सोय एका संकेतस्थळावर केली आणि ‘ट्राय’कडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. लिंक उघडणारा नागरिक योग्य पत्त्यावर, मुदतीत आणि विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देत होता, हे त्या मोहिमेचे खरे बळ. त्याच वर्षाच्या अखेरीस फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या आपल्या योजनेसाठी वापरकर्त्यांकडून समर्थनाचे संदेश पाठवून घेतले. संदेश लाखोंनी आले. परंतु विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असे ‘ट्राय’ने स्पष्ट केले. ८ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने भेदभावी दरांवर बंदी आली. नुसत्या संख्येने निर्णय झुकत नाही, हा त्यातला धडा.

मुंबईकरांना हे अधिक जवळून ठाऊक आहे. शहराच्या प्रारूप विकास आराखड्यावर २०१५ मध्ये हजारो हरकती नोंदविल्या गेल्या आणि एप्रिलमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करून नव्याने करण्याचा आदेश दिला. नगररचना कायद्याच्या प्रक्रियेत हरकतींसाठी मुदत असते आणि त्या स्वीकारणारा अधिकारीही ठरलेला असतो. खासगी संकेतस्थळावरील सही ही जनमताची खूण. मुदतीत त्या अधिकाऱ्याकडे गेलेले पत्र ही अधिकृत नोंद. पाठविलेली लिंक यांपैकी कशाची, हे सांगितले नाही तर आपण हरकत घेतली या समाधानात रहिवासी स्वस्थ बसतो आणि मुदत उलटून जाते. चुकीच्या लिंकची खरी किंमत ही आहे.

चुका बहुधा साध्याच असतात. फॉर्म तयार करणाऱ्याकडे दोन लिंक असतात, एक भरण्याची आणि एक संपादनाची. घाईत दुसरी गेली आणि परवानगी खुली असली, तर कोणीही प्रश्न बदलू शकतो, आलेली उत्तरेही वाचू शकतो. सही करून झाल्यावर पडद्यावर असते ते अनेकदा आभाराचे पान. तेथली लिंक पुढे पाठविली की उघडणाऱ्याला सही करायला जागाच सापडत नाही. काही संकेतस्थळांवर ईमेलने आलेल्या पुष्टीच्या लिंकवर गेल्याखेरीज सही धरली जात नाही. ती लिंक ज्याची त्यानेच वापरायची असते. आखूड केलेल्या लिंकमधून मूळ संकेतस्थळाचे नाव दिसत नाही, त्यामुळे सावध माणूस ती उघडतच नाही, आणि त्याचे बरोबरच असते.

उपायही तितकेच साधे आहेत. लिंक मूळ पानाची आणि पूर्ण असावी. ती आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावी. तिच्यासोबत चार गोष्टी लिहाव्यात: मागणी काय, ती कोणाकडे जाणार, मुदत कोणती आणि मोहीम कोणाची. एकदा फिरू लागलेला संदेश परत बोलावता येत नाही. म्हणून मुदत संपताच तसे त्या पानावरच लिहावे.

पुनर्विकासाच्या वसाहतीत आणखी एक जोखीम आहे. तेथे घराची पात्रता कागदपत्रांवर ठरते, त्यामुळे कागद मागणाऱ्याला नाही म्हणणे रहिवाशाला जड जाते. नेमका याचाच फायदा भामटे घेऊ शकतात. निवेदनाला नाव आणि राहण्याचे ठिकाण पुरते. आधार कार्डाची प्रत किंवा बँकेचा तपशील मागणारी लिंक निवेदनाची नव्हे, असे खुशाल समजावे. नावे कोणाला दिसणार, हेही आधीच सांगितले पाहिजे. एप्रिल २०१५ मध्ये ‘ट्राय’ने आलेली मते पाठविणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकली, तेव्हा लाखो लोकांचे पत्ते उघड झाले होते.

दारात उभा राहणारा कार्यकर्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठता येत असे. लिंक पाठविणाऱ्यालाही तसेच गाठता आले पाहिजे. ज्या संदेशाखाली पाठविणाऱ्याचे नाव नाही, त्यावर आपले नाव कोणी का घालावे?