शेवाळाचीही खानेसुमारी हवी

भंडारा जिल्ह्याची ओळख सांगताना आपण तांदूळ, पितळेची भांडी आणि तलाव या तीन गोष्टी हमखास सांगतो. तलावांचे कौतुक करताना कोहळी समाजाचे नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. कोणत्या उतारावर पाळ घालायची, सांडवा कुठल्या अंगाला काढायचा, तुडुमातून सोडलेले पाणी कोणाच्या बांधीपर्यंत पोचेल, याचे गणित त्यांनी कागदाविना मांडले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा’ तलाव झाले. पूर्व विदर्भात ते साडेसहा हजारांहून अधिक आहेत. त्यांचे क्षेत्र, त्यांच्याखाली भिजणारी जमीन, त्यांत सोडलेले मत्स्यबीज, सारे कुठे ना कुठे लिहिलेले सापडते. पण या पाण्यातल्या सर्वांत जुन्या रहिवाशाची नोंद शोधू गेले तर हाती फारसे लागत नाही. हा रहिवासी म्हणजे शेवाळ.

शेवाळ म्हटले की आपल्याला निसरडी पायरी आठवते. पण त्याचा मोठा संसार नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तलावाचे पाणी बरणीत आणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. (अभयारण्यातून काहीही उचलायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून मी जंगलाबाहेरच्या बोडीवरच समाधान मानतो.) वरवरचे निवळ पाणी आणले तर पदरी फारसे काही पडत नाही. कमळाचा देठ किंवा पाण्यात बुडालेली एखादी वनस्पती हलकेच पिळली आणि तो गढूळसर थेंब काचपट्टीवर घेतला, की भिंगाखाली हिरवी जत्रा भरते. पेडिअ‍ॅस्ट्रम हे कातरलेल्या चक्रासारखे, सेनेडेस्मसच्या चार पेशी शेजारी शेजारी बसलेल्या, व्हॉल्वॉक्सचा गरगरत जाणारा गोळा आणि त्याच्या पोटात त्याचीच पिल्ले. १६७४ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहुकने एका तळ्याच्या पाण्यात हिरव्या नागमोडी पट्ट्या पाहिल्या, तेव्हापासून माणसाला या जगाची ओळख आहे. आमच्याकडे मात्र अजूनही ‘घाण पाणी’ म्हणून ते मोकळे होतात.

या जत्रेतले माझे आवडते मानकरी म्हणजे डेस्मिड. एकच पेशी, पण मधोमध चिमटा काढल्यासारखी. दोन्ही अर्धे एकमेकांची आरशातली प्रतिमा. कॉस्मेरियम गोलसर, स्टॉरॅस्ट्रमला चांदणीसारखे हात, मायक्रॅस्टेरिअसचे काठ नक्षीदार कातरलेले, क्लोस्टेरियम चंद्रकोरीसारखे. पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक अर्धा आपला हरवलेला जोडीदार नव्याने घडवतो. म्हणजे तुम्ही पाहाल त्या प्रत्येक डेस्मिडचा एक भाग जुना आणि एक नवा. क्लोस्टेरियमच्या दोन्ही टोकांना बारीक स्फटिक सतत थरथरत असतात. २०११ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी यांच्यातल्या एका जातीचा अभ्यास केला. ही पेशी पाण्यातले स्ट्रॉन्शियम वेचून त्या स्फटिकांत साठवते. अणुकचऱ्यात किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम असते, म्हणून त्या कामाची बरीच चर्चा झाली.

डेस्मिडांच्या घराण्याची गोष्ट याहून मोठी आहे. जमिनीवरच्या साऱ्या वनस्पतींचे सर्वांत जवळचे पाण्यातले नातेवाईक कोण, हा जुना वाद होता. गेल्या दहा-बारा वर्षांतील जनुकीय अभ्यासांनी, विशेषतः २०१९ साली वाचल्या गेलेल्या दोन जनुकसंचांनी, कौल डेस्मिड ज्या वर्गात मोडतात त्या वर्गाच्या बाजूने दिला. तलावातले शेवाळ आणि त्याच तलावाच्या पाण्यावर पिकणारा धान ही अशी लांबची भावंडे निघाली.

आता भंडाऱ्याच्या वनभागाकडे डेस्मिडांच्या दृष्टीने पाहा. पश्चिम महाराष्ट्राचा काळा बसाल्ट इथे जवळजवळ संपतो. साकोली परिसरात त्याहून कितीतरी जुने, रूपांतरित खडक आहेत. अशा जमिनीवरून आणि पानगळीच्या जंगलातून वाहत आलेले पाणी बहुधा मृदू, क्षार कमी असलेले. वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्याने भरणारे उथळ तलाव आणि पाण्यात कमळापासून शिंगाड्यापर्यंतचे रान. डेस्मिडांना आवडते ते हेच. त्यामुळे कोका किंवा नवेगाव-नागझिरा भागातल्या तलावांत त्यांच्या किती जाती असतील, या कल्पनेने माझ्यासारख्याच्या तोंडाला पाणी सुटते. या वाटेने पूर्वी कोणी गेलेच नाही असे नाही. एन. डी. कामत यांनी १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात विदर्भातील शैवालांची यादी दिली. त्यानंतरही महाविद्यालयांतून प्रबंध झाले. पण ते कपाटात राहतात; ग्रामपंचायतीत पोचत नाहीत.

पोचून काय होणार, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. डेन्मार्कच्या नायगार्ड यांनी १९४९ साली एक सोपी युक्ती सुचवली: पाण्यातल्या इतर काही शैवालगटांच्या जातींच्या संख्येला डेस्मिडांच्या जातींच्या संख्येने भागायचे. आकडा लहान आला तर पाण्यात खताचा अंश कमी, मोठा आला तर पाणी ‘माजलेले’. सांडपाणी मिसळू लागले की डेस्मिड मागे हटतात, सेनेडेस्मस, क्लोरेला, युग्लिना पुढे सरकतात. एखादा सेनेडेस्मस दिसला म्हणून घाबरू नये, तो चांगल्या पाण्यातही असतो. बघायचे ते प्रमाण. पुढची पायरी मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या जीवाची. तो पाण्यावर रंग सांडल्यासारखी साय धरतो आणि त्याच्या काही प्रकारांचे विष गुरांना मारू शकते.

हे लांबचे भय नाही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमार्गे वैनगंगेत येते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाने ते वाहते पाणी अडवले, जलपर्णी पसरली, आणि वैनगंगेचे पाणी पिणाऱ्या भंडारा शहराची तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. नदीचे काय झाले ते आपण नाकाने ओळखले. जंगलालगतचे तलाव अजून त्या अवस्थेला गेलेले नाहीत. तिथे पाणी बदलू लागले तर वास यायच्या कितीतरी आधी ते या हिरव्या पेशींना कळेल. मात्र आज तिथे कोण राहते हे ठाऊक असल्याशिवाय उद्या कोण निघून गेले हे सांगता येणार नाही.

वनभागातल्या तलावांवरचे संकट वेगळे आणि बरेचसे सद्भावनेने येते. गाळ काढण्याच्या योजना २०१७ पासून जोरात आहेत. गाळ साचला की तलाव उथळ होतो, हे खरेच. शेताला तो गाळ सोन्यासारखा, हेही खरे. पण उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या तळाशी कमळाचे कंद, पाणवनस्पतींचे बी आणि शैवालांचे जाड कवचाचे बीजाणू पुढच्या पावसाची वाट पाहत पडलेले असतात. जेसीबीने काठापासून काठापर्यंत ताट पुसावे तसा तळ खरवडला, की पाणी वाढते आणि त्यात राहणारे कमी होतात. पुढच्या वर्षी मासा का लागत नाही म्हणून ढिवरबंधू कपाळाला हात लावतात. माशांच्या अन्नाची पहिली पायरी आपण ट्रॅक्टरने शेतात नेऊन टाकलेली असते.

माझे म्हणणे एवढेच की गाळ टप्प्याटप्प्याने काढावा आणि तलावाचा एक कोपरा, शक्यतो पाणवनस्पतींचा, दरवेळी शिल्लक ठेवावा. त्याचा खर्च काहीच नाही. उलटा मार्गही सापडलेला आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी ‘फीड’ या संस्थेच्या साथीने तलावांतला बेशरम उपटला आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, त्या देशी माशांसाठी. जिथे बुडालेल्या वनस्पती परततात तिथे त्यांच्या अंगाखांद्यावर राहणारे शेवाळही परतण्याची आशा धरता येते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या आल्या. मी पाहिलेल्या नोंदवह्यांत सागापासून सापापर्यंत सगळे होते, शेवाळाला ओळही नव्हती. जाती ओळखणे हे तज्ज्ञाचे काम, ते विद्यापीठाने करावे. पण डेस्मिड आहेत की नाहीत, चंद्रकोर दिसते की नाही, हे नववीतली मुलगीही शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून चित्र काढून सांगू शकते. अशी चित्रे दहा वर्षे साठली तर ती तलावाची कुंडलीच. पाणी डिसेंबरात घ्यावे. तेव्हा ते बऱ्यापैकी निवळलेले असते. बरणी अर्धीच भरावी, झाकण सैल ठेवावे, वर तलावाचे नाव, तारीख आणि पाण्याचा रंग लिहावा, आणि थेंब त्याच दिवशी पाहून घ्यावा.