शकुंतलेच्या रुळांवरून पायी

आमच्या बाळापूरला तसं सगळं आहे. मन आणि म्हैस नद्यांचा संगम आहे, किल्ला आहे, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. नाही ती फक्त रेल्वे. गाडी धरायची तर पारसला जायचं. त्यामुळे लहानपणी आजोळी, म्हणजे दर्यापूरला गेलो की बनोसा स्टेशनावर येणारी ती बुटकी गाडी पाहायला मी जेवण टाकून पळायचो. ज्याच्या गावात गाडी नाही त्यालाच गाडीचं अप्रूप!

गेल्या कापूसवेचणीत बऱ्याच दिवसांनी दर्यापूरला गेलो. गाडी नाहीच, तर म्हटलं रुळांवरून चालून तरी येऊ. अंजनगावच्या दिशेनं तासभर गेलो आणि तसाच परत आलो. जेवताना मामाला म्हणालो, "या रुळांची चांगली पायवाट करायला पाहिजे." झालं! मामा भाकर तशीच ठेवून असा काही भडकला की विचारू नका. हा लेख म्हणजे तेव्हा मला वेळेवर न सुचलेली उत्तरं आहेत.

वऱ्हाडाबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून दोन दिशांना जाणारी नॅरोगेज. एक फाटा दर्यापूर-अंजनगाव करत अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा दारव्ह्यावरून यवतमाळला, ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं १९१० साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, पण ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली आणि गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवत राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथं १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. २०१६ साली तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ब्रॉडगेजसाठी १,५०० कोटींची मंजुरी जाहीर केली. आधी यवतमाळची आणि नंतर अचलपूरची गाडी बंद पडली. ब्रॉडगेज अजून यायची आहे.

आता मी काय पाहिलं ते.

दोन रुळांत अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. एक माणूस डोक्यावर भारा घेऊन बरोबर मावतो. स्लीपरांवर पावलं मात्र कधीच जुळत नाहीत. एकेक धरून गेलं तर बायकी लचकत चालावं लागतं आणि एक सोडून गेलं तर उड्या माराव्या लागतात. दोन्ही बाजूंनी बाभळी अशा आत आल्या आहेत की हात वर करूनच चालावं लागतं. एका ठिकाणी नांगर थेट रुळापर्यंत आला होता. दुसऱ्या ठिकाणी भरावच कापून ट्रॅक्टरला वाट केली होती. पुढे एक मावशी काटक्यांचा भारा घेऊन समोरून आली. मला वाट द्यायला थांबली आणि म्हणाली, "गाडीचं पायाले आले का जी साहेब? कवा येनार हाय?"

"नाही मावशी, मी सहज चालतोय."

"सहज? आमी तं रोजच चालतो बापा."

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. पायवाट करायची की नाही हा वाद आपण घरात बसून घालतो आहोत. तिथं ती कधीचीच झाली आहे. मजूर, मेंढपाळ, सरपणाला जाणाऱ्या बायका सगळे तिच्यावरून चालतात. आणि का चालतात हे ज्यानं पावसाळ्यात खारपाणपट्ट्यातली काळी जमीन तुडवली आहे त्याला सांगावं लागणार नाही. जुलैत पांदण रस्त्यानं गेलं तर चप्पल तिथंच राहते आणि पाय तेवढा वर येतो. त्या चिखलात उंच भरावाची, गिट्टी टाकलेली, सरळ आणि फारसा चढ नसलेली एकच वाट आहे. शंभर वर्षांपूर्वी कापसासाठी बांधलेली!

पण कायद्यानं ही चाल गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मावशी आणि मी, दोघंही गुन्हेगार. (हा लेख माझा कबुलीजबाब समजावा.) चालणाऱ्याला कायदा आहे, पण भराव पोखरणाऱ्याला कोणी विचारल्याचं मला तरी तिथं दिसलं नाही.

आता मामाचं म्हणणं. ते खोटं नाही, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. मामा म्हणतो, "एकदा पायवाट केली की गाडीच्या नावानं चांगभलं! सरकार म्हणेल, तुम्हाला दिलं ना काहीतरी, आता गप्प बसा." मामा या गाडीनं वर्षानुवर्षं गेलेला आहे. गोरगरिबांची गाडी होती ती, एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त. तिच्यासाठी आंदोलनं झाली, निवेदनं झाली. अशा माणसाला पायवाट म्हणजे शरणागती वाटणारच. शिवाय आपल्याकडे जे 'तात्पुरतं' म्हणून होतं ते कायमचं होतं, हाही अनुभव आहेच.

पण मामा, गाडीचा खरा शत्रू कोण ते नीट बघ. पायवाट नव्हे. मोकळी पडलेली जागा! रेल्वेची वाट म्हणजे दोरा असतो. १८९ किलोमीटरपैकी चार ठिकाणी शंभर-शंभर मीटर गेले की उरलेल्या सगळ्याला काही अर्थ राहत नाही. ज्या वाटेवर रोज दोनशे माणसं चालतात तिथं कोणी कुंपण घातलं तर दुसऱ्या दिवशी बोंब होते. जिथं फक्त बाभळी आहेत तिथं कुणाला पत्ताही लागत नाही.

किलिक निक्सनच्या देशातच याचा धडा आहे. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर इंग्लंडात हजारो मैल लाईनी बंद झाल्या. ऑक्सफर्ड-केंब्रिज लाईन १९६७ अखेर बहुतेक बंद झाली. आज तिथं पुन्हा रेल्वे हवी आहे, पण बेडफर्ड ते केंब्रिज जुनी वाट उरलेलीच नाही. कुठे घरं झाली, तर केंब्रिजजवळ चक्क रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. आता नवी वाट आखावी लागते आहे. उलट अमेरिकेनं १९८३ साली कायद्यात तरतूद केली की बंद लाईन तात्पुरती पायवाट म्हणून वापरायची, पण जागा अखंड ठेवायची आणि उद्या गाडी हवी झाली तर परत रेल्वेला द्यायची. पायवाट ही तिथं गाडीची राखणदार आहे. मला हेच पाहिजे. तेही तोंडी नको, कागदावर पाहिजे. जागा रेल्वेचीच, रूळ उचलायचे नाहीत, आणि ब्रॉडगेजचं काम सुरू झालं की पायवाट बाजूला.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. 'हेरिटेज वॉक' म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांसमोर पेव्हर ब्लॉक, सेल्फी पॉइंट आणि डब्यातलं कॉफी शॉप येतं, त्यांनी कृपा करून दूर राहावं. रुळांच्या मधे मुरूम दाबून टाका, काटेरी झुडपं काढा, दर दोन-तीन कोसांवर पाण्याची सोय करा, कडुनिंब लावा, पुलांना कठडे बसवा. बस! शाळेत जाणारी पोरगी तिथून सायकल नेऊ शकली की काम झालं. हा गाडगेबाबांचा मुलूख आहे. त्यांचा जन्म शेंडगावचा आणि आयुष्य सारं पायी गेलं. पायी चालणाऱ्याची लाज वाटण्याचं आपल्याला काही कारण नाही.

आणि सगळ्याच बंद लाईनींवर माणसं चालवा असंही मी म्हणत नाही. अकोला-खंडवा मीटरगेजचा मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणारा तुकडा आहे. तिथून ब्रॉडगेज नको, वळवून न्या, असं २०२१ साली तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना कळवलं होतं. तिथं गाडी नको तशी आमची पायवाटही नको. ती वाट वाघाची.

पैसा कुठून येणार, असं विचारणाऱ्यांना एक आठवण करून देतो. जून २०२२ मध्ये आमच्याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, अमरावती आणि अकोल्याच्या मधे, ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली. गिनीज बुकात नोंद झाली. अभिमानच आहे! तो पट्टा संपतो मूर्तिजापूर तालुक्यातल्या मान्याजवळ. आणि मूर्तिजापूरहूनच अचलपूरची ७६ किलोमीटरची वाट सुरू होते, जिथं मुरूम टाकायला आपल्याला वर्षं पुरत नाहीत. महामार्गाच्या कडेनं ट्रकांचा वारा अंगावर घेत शेगावला पायी जाणारी माणसं आम्ही बाळापूरकर नेहमी पाहतो. वऱ्हाडात चालणारे भरपूर आहेत. त्यांच्यासाठी जागा तेवढी कोणी धरलेली नाही.

गाडी आली तर तिच्या पहिल्या डब्यात मी मामाच्या शेजारी बसणार, तिकीट माझ्याकडून. पण ती येईपर्यंत तिची वाट जागेवर राहायला हवी ना? आणि ती पायांनीच राखली जाईल.

मामा, वाचून झालं असेल तर फोन कर. शिव्या द्यायच्या असतील तर रविवारी ये, लाखपुरीपर्यंत चालत जाऊ. वाटेत दे.