बीपीची मर्यादा 130 की 140? बदललेल्या निकषांचा तुमच्यासाठी अर्थ

तुमचे बीपी 134/84 आले, तर ते जास्त समजायचे का? याचे उत्तर सध्या देशागणिक बदलते. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी 2017 मध्ये उच्च रक्तदाबाची मर्यादा 140/90 वरून 130/80 वर आणली आणि 2025 मध्ये ती कायम ठेवली. युरोपने 2024 मध्ये 140/90 हीच व्याख्या ठेवली, पण त्याखालच्या 120 ते 139 या टप्प्याला 'वाढलेला रक्तदाब' असे वेगळे नाव दिले.

मर्यादा खाली का येते आहे? 2015 च्या 'स्प्रिंट' अभ्यासात जास्त धोका असलेल्या रुग्णांचा वरचा आकडा 120 च्या खाली ठेवल्यावर हृदयविकार आणि मृत्यू कमी झाले. मात्र चक्कर येणे आणि किडनीवर ताण पडणे वाढले. म्हणून एकच लक्ष्य सर्वांना लागू होत नाही.

मतभेद एवढ्यापुरतेच आहेत. बीपी सतत 140/90 किंवा त्याहून जास्त असेल, तर उपचार हवेत, यावर एकमत आहे. वरचा आकडा 130 ते 139 असेल, तर आधी मीठ, वजन, व्यायाम आणि तंबाखूकडे लक्ष द्या. मधुमेह किंवा किडनीचा विकार असल्यास, किंवा आधी हार्ट अटॅक वा पक्षाघात झाला असल्यास याच टप्प्यात गोळी लागू शकते.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार उच्च रक्तदाबाच्या दर पाचपैकी सुमारे चार जणांना पुरेसे उपचार मिळत नाहीत. त्यात 'बीपी नॉर्मल आलं' म्हणून गोळी बंद करणारेही येतात. ते नॉर्मल असते ते बहुतेकदा गोळीमुळेच. बंद केल्यावर बीपी पुन्हा वाढते, तेही काही त्रास न जाणवता.

म्हणून बातमी वाचून गोळी स्वतःहून वाढवू नका, थांबवू नका. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात छातीच्या पातळीवर ठेवून बीपी मोजा. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको. आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. घरची सरासरी 135/85 च्या वर असेल, तर ती दवाखान्यातल्या 140/90 सारखीच समजतात.

बीपी 180/120 च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे असे काही असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.