काउंटरवर बसा, पण आधी बोला

चेरीच्या मोसमात टोकियोला जाणारी आपली मंडळी आता पुष्कळ झाली आहेत. मुक्काम शिंजुकूला असेल तर रात्री पाय काबुकिचोकडे वळतातच. वळू देत. युद्धानंतर तिथे काबुकीचं नाट्यगृह बांधायचं घाटत होतं. ते काही झालं नाही, पण १९४८ मध्ये वस्तीला दिलेलं नाव मात्र टिकलं. आज तिथे बार, क्लब, कराओके, आणि त्यांच्या आडोशाला आठ-दहा खुर्च्यांची सुशीची दुकानं आहेत. या छोट्या दुकानांत जाऊन जेवा, असं माझं सांगणं आहे.

वाटेत एखादा हसतमुख तरुण आडवा येईल आणि मोडक्या इंग्रजीत स्वस्त, मस्त जेवणाचं आमिष दाखवील. त्याच्या मागे जाऊ नका. असं गिऱ्हाईक अडवायला तिथे बंदी आहे आणि रस्त्यावरचे कर्णे त्याबद्दल सारखे सावध करत असतात. ज्याची सुशी चांगली, त्याला माणसं ओढून आणायला दलाल लागत नाही. फसून आत गेलात आणि भलतंच बिल समोर आलं तर भांडत बसू नका. नाक्यावरची पोलीस चौकी गाठा. तिला तिथे कोबान म्हणतात. पोलिसांचा फोन ११०.

दुकान निवडताना दारावर कापडी पडदा लटकतोय का बघा. तो असला की दुकान उघडं आहे. बाहेर दर लावलेले असले तर उत्तम. आत काही पाट्यांवर माशाच्या नावापुढे आकडाच नसतो, ‘बाजारभाव’ एवढंच लिहिलेलं असतं. तो मासा मागवण्याआधी भाव विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. ‘ओमाकासे’ म्हणजे काय वाढायचं ते सगळं कारागिरावर सोपवणं. तेही आकडा ठरवूनच. पहिल्यांदा जाणाऱ्याने ठरलेला सेट घ्यावा. त्यात नामी, जो आणि तोकुजो अशा चढत्या पायऱ्या असतात, आणि नामीत कमीपणा काहीच नाही. न मागता एखादी छोटी वाटी समोर आली तर ती बहुधा फुकट नसते. माणशी काही येन त्याचे लागतात. तो तिथला रिवाज आहे, लूट नव्हे.

आता शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. काकडीचा रोल, म्हणजे काप्पा माकी, बहुतेक ठिकाणी मिळतो. पण इनारीची टोफूची पिशवी, कान्प्यो नावाच्या भोपळ्याच्या पट्ट्या, अंड्याची वडी, मिसो सूप या सगळ्यांत सुकवलेल्या माशाचा अर्क असण्याची शक्यता फार. तेव्हा जे चालत नाही ते खुर्चीवर बसण्यापूर्वी सांगा. हॉटेलच्या स्वागतकक्षातून जपानीत चिठ्ठी लिहून घ्या. ताट समोर आल्यावर सांगणं म्हणजे त्या माणसाची मेहनत केरात. अख्खं कुटुंबच शाकाहारी असेल तर स्पष्ट सांगतो, या दुकानात जाऊ नका. मासळीवर जगणाऱ्या दुकानात चार खुर्च्या अडवून एक काकडी रोल वाटून खाणं बरं दिसत नाही. बॅगेतली शेंगदाण्याची चटणीही खोलीवरच राहू द्या.

बारा जणांचा घोळका असला, लहान मुलं असली, तर फिरत्या पट्ट्याची सुशी बरी. योशिआकी शिराइशी यांनी १९५८ मध्ये ओसाकाजवळ तिची सुरुवात केली. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली म्हणतात. तिथे ताटल्या मोजून बिल होतं आणि मुलांनी गोंगाट केला तरी कुणी वळून बघत नाही. छोट्या दुकानात मात्र दोघं-तिघंच जा. अत्तर लावू नका. त्या एवढ्याशा जागेत माशाचा आणि भाताचा वास हाच निम्मा स्वाद असतो.

खायच्या रीतीचं फार दडपण घेऊ नका. हाताने दाबून केलेली निगिरी सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावर उभ्याउभ्या खायची चीज होती. आजही ती हाताने खाल्ली तर चालते, आणि त्यात आपण पटाईत. सोया सॉस माशाच्या बाजूला लावा, भात बुडवलात तर विरघळून वाटीत पडेल. वासाबी आधीच आत असते. नको असेल तर ‘साबी नुकी’ म्हणा. आलं दोन घासांच्या मध्ये खायचं. समोर ठेवलेली सुशी लगेच उचला, कारण भात कोमट असतानाच तिची खरी गंमत आहे. आणि मासा खाऊन भात टाकू नका! हे मराठी माणसाला सांगावं लागू नये, पण सांगतो.

कोकणातल्या वाचकाला फळ्यावर ओळखीचे लोक भेटतील: कोळंबी, माकुळ, कुपा, बांगड्याचा भाऊबंद साबा. साबा मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला असतो, पण त्याने अनिसाकिस नावाचा जंत मरत नाही. उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवला किंवा नीट शिजवला तरच तो मरतो. चांगले कारागीर मासा डोळ्यांत तेल घालून तपासतात, तरी कच्च्या माशात जोखीम थोडी राहतेच. गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चं टाळावं. उकडलेली कोळंबी आणि शिजवलेली वाम आहेच की. खाल्ल्यावर काही तासांत पोटात जोराची कळ आली तर ओवा चघळत बसू नका. डॉक्टरकडे जा आणि कच्चा मासा खाल्ल्याचं सांगा. दुर्बीण घालून जंत काढता येतो.

बिल देऊन ‘गोचिसोसामा’ म्हणा आणि उठा. वर टीप ठेवू नका. विसरलात असं समजून मागे धावत येऊन परत देतील. शेवटची लोकल साडेबारा-एकच्या सुमारास जाते, आणि टॅक्सीला रात्री दहापासून वीस टक्के जास्त पडतात.

घरी परतल्यावर ससून डॉकचा ताजा बांगडा आणून निगिरी करायचा मोह काहींना होतो. तो आवरा. आपल्याकडे मासा बर्फात ठेवतात तो शिजवून खायचा म्हणून. त्याला हळद-तिखट चोळा आणि तव्यावर टाका.