जोडी खरोखरच जोडी आहे का?

घरच्या टँकसाठी मासे घेताना 'एक जोडी द्या' म्हटले, की दुकानदार एक मोठा आणि एक लहान मासा जाळीने काढतो व नर-मादी म्हणून पिशवीत बांधून देतो. सिक्लिड कुळातल्या माशांच्या बाबतीत हा सौदा पुष्कळदा अंगाशी येतो. लहान दिसणारा मासा मादीच असेल असे नाही, तो कमी वयाचा नरही असू शकतो. दोन्ही नर निघाले तर जागेसाठी झुंज जुंपते आणि एके दिवशी पर फाटलेला एक मासा तळाशी मरून पडलेला दिसतो.

चेन्नईत गिंडीला राहणाऱ्या हौशी कुटुंबांना माशांची वाण नाही. त्याच शहरातले कोलत्तूर हे रंगीत माशांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. पण सिक्लिड म्हणजे फक्त परदेशी मासे नव्हेत. गोव्यात चवीने खाल्ली जाणारी काळुंदर, म्हणजेच केरळने २०१० मध्ये राज्याचा मासा ठरवलेली करिमीन, याच कुळातली. दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा छोटा नारिंगी क्रोमाइडही तिचाच भाऊबंद. या दोन्हींत नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात. अंडी व पिले दोघे मिळून सांभाळतात.

ओळखावे कसे?

काही जाती मात्र ओळखायला सोप्या आहेत. पट्टेदार कॉन्व्हिक्टची मादी लहान असून तिच्या पोटावर नारिंगी झाक असते. नर मोठा, त्याचे पाठीचे व पोटाखालचे पर लांब आणि टोकदार. क्रिबेन्सिसची मादी ठेंगणी, गोल पोटाची आणि पोटावर जांभळट-गुलाबी असते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या ऑरॅटसमध्ये मादी पिवळी राहते, तर वयात आलेला नर काळपट होतो. मलावीच्या नरांच्या पोटाखालच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. पण काही माद्यांनाही ते असतात, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये.

एंजल, डिस्कस आणि ऑस्कर यांच्या रंग-आकारावरून काहीच कळत नाही. कपाळाचा उंचवटाही खात्रीचा नाही. अंडी घालण्याच्या सुमारास पोटाखाली एक बारीक नळी बाहेर येते. नराची नळी निमुळती व टोकदार, मादीची रुंद व बोथट. हीच त्यातल्या त्यात भरवशाची खूण. अंडी दिसली म्हणजे जोडी जमली असेही समजू नये. एंजलच्या दोन माद्या एकत्र राहून अंडी घालतात; ती फळत नाहीत, पांढरी पडून बुरसतात.

घाई नको

उत्तम उपाय म्हणजे एकाच जातीची पाच-सहा पिले घेऊन एकत्र वाढवावीत. मोठी झाली की त्यांची जोडी आपोआप जमते. दोन मासे एक कोपरा अडवून बसले, सपाट दगड किंवा कुंडी तोंडाने साफ करू लागले आणि इतरांना हुसकावू लागले, की बाकीचे दुसऱ्या टँकमध्ये हलवावेत. मलावीच्या माशांत मात्र जोडी नसते. तेथे एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्यात. मादीचा गळा फुगला आणि तिने खाणे सोडले, तर ती आजारी आहे असे समजून औषध टाकू नये. तिच्या तोंडात अंडी असतात आणि साधारण तीन आठवडे ती तशीच राहते.

उरलेले मासे विहिरीत किंवा तळ्यात सोडण्याचा मोह मात्र टाळावा. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया हाही सिक्लिडच. तो भराभर वाढला आणि अनेक तलावांत देशी माशांच्या मुळावर आला. जास्तीचे मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा ओळखीच्या हौशी घरी पोहोचवावेत. म्हणूनच जोडी जमवण्याआधी होणाऱ्या पिलांची सोय कोठे करायची, हेही घरात ठरलेले असावे.